किल्लेदारणीचा जासूद

मंगळवार पेठेच्या उतारावरून सायकलवर एक बाई आली, आणि पद्मजा जागच्या जागी थबकली.

बाई चांगली धिप्पाड होती. अंगावर हिरवी नऊवारी, डोक्यावर पदर, आणि बसली होती पुरुषी सायकलवर! बावन्न साल उजाडलं म्हणून काय झालं, पेठेतल्या बायका अजून अशा सायकली हाणत नव्हत्या. त्यात हिचा पदर पाठीमागं निशाणासारखा फडफडत होता.

"अहो बाई! पदर! पदर चाकात जातोय!"

बाईनं वळून पाहिलं, आणि ते पाहणंच नडलं. पदर साखळीत गेला, सायकल दोन हेलकावे खाऊन आडवी झाली आणि बाई धुरळ्यात फतकल मारून बसली.

पद्मजा धावली. हातातली पिशवी खाली ठेवून तिनं पायडल उलटं फिरवलं, साखळीच्या दातांतून पदर हलक्या हातानं सोडवून घेतला. पदराला काळं वंगण माखलं होतं, पण फाटला नव्हता.

"लागलं का हो?"

"मला न्हाय लागलं," बाई म्हणाली. आवाज असा, की विहिरीच्या तळातून कुणी हाक मारतंय. "पर साडी आईची हाय. आता काय मी घरला जात न्हाय."

पद्मजानं चमकून वर पाहिलं. पदराखाली दाट भुवया होत्या. उन्हानं रापलेला चेहरा, आणि वरच्या ओठावर तेवढी गोरी पट्टी. मिशी नुकतीच उतरवलेली दिसत होती.

तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही त्यात मावेना.

"हसा की, हसा," तो उठता उठता म्हणाला. "समदी पेठ हसली. तुमीच तेवढ्या ऱ्हायला हुता."

"पण... साडी नेसून सायकलवर?"

"सकाळधरनं नेसतोय. आत्ता कुठं जमली. सोडून तालमीत गेलो आन् तिथं पुन्यांदा जमली न्हाय, तर? म्हनून हाय तसा निघालो."

"ही जमली?" पद्मजानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काष्टा सुटायला आलाय, आणि ओचा कुठं खोचलाय तो तुम्हालाच ठाऊक."

"तुमास्नी लई कळतंय."

"कळणारच. मुलींच्या शाळेत शिवण शिकवते मी."

"मास्तरीणबाई व्हय?" त्याचे डोळे एकदम हसले. "मग चला की तालमीत, आमच्या दत्तोपंत मास्तरांना समजावून सांगा. नाटक लिवलंय त्येंनी. मला म्हनत्यात, कृष्णात, तू किल्लेदारीण दिसत न्हाईस रं, किल्ला दिसतोस!"

आता मात्र पद्मजाला हसू आवरता आवरेना. डोळ्यांच्या कडा पुसत ती म्हणाली, "ते माझे वडील."

कृष्णातच्या हातातली सायकल पुन्हा कलंडली.

"...मी त्येंच्याबद्दल वाईट काय बोललो न्हाय न्हवं?"

"अजून तरी नाही," असं म्हणून पद्मजानं पिशवी उचलली आणि चालू लागली. कोपऱ्यावर मात्र तिनं हळूच मागं पाहिलं. तो तिथंच उभा होता, ओचा शोधत.

दत्तोपंतांनी नाटक लिहावं, हीच मुळी पेठेत नवलाची गोष्ट होती.

अठ्ठेचाळीस साली गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं पेटली. दत्तोपंतांच्या घराचा पुढचा सोपा त्यात गेला. सोप्यातले तक्तपोस, तसबिरी, उमेदीत लिहिलेल्या दोन नाटकांची बाडं, सगळ्याची राख झाली. पुढं त्यांनी पत्रे घालून घर उभं केलं, शाळेत शिकवलं, पेन्शन घेतली. पण तालमीवरून जाणारा रस्ता सोडला तो सोडलाच. त्या जमावात तालमीची पोरं होती की नव्हती, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. कुणी आपणहून सांगितलंही नाही.

आणि यंदा दसरा झाल्यावर तालमीचे वस्ताद गणपतराव एकटेच त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. एवढा पहाडासारखा माणूस, पण उंबऱ्याच्या आत पाऊल घालायला बिचकत होता.

"मास्तर, पेठेत मानसं हायत, पर पेठ ऱ्हायली न्हाय. समद्या जातीची पोरं धरून एक नाटक बशिवा. इतिहासातलं. तुमच्याबिगर कोन करनार?"

दत्तोपंतांनी पायरीवर सतरंजी टाकली. मग म्हणाले, "बसा. चहा घेऊन जा."

त्या चहातून 'किल्लेदारीण' नाटक उभं राहिलं. नवरा लढाईत पडल्यावर एकटीनं गड लढवणारी ही बाई कुठल्या बखरीत नव्हती. दत्तोपंतांनी ती मनानं घडवली होती. पात्रं जमली तीही अशी, की बघणाऱ्यानं बघत राहावं. किल्लेदार झाला बाबालाल शिंपी. नगरपालिकेतले कारकून अंबादासपंत झाले मोगल सरदार. "पंत, तुम्ही दाढी लावा, मी गंध लावतो," बाबालाल म्हणाला, "जरा एकमेकांचं काम करून बघू." जैन गल्लीतला तेलाचा दुकानदार गडावरचा कोठीवाला झाला, चर्मकार वाड्यातली दोघं भावंडं मावळे झाली. आणि किल्लेदारीण झाला कृष्णात. मुरगूडचा, दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन पेठेत राहायला आलेला. दिवसा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर काम आणि संध्याकाळी तालमीत जोर. बायकांपैकी कुणी रंगमंचावर येईल, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

सायकलच्या त्या प्रकारानंतर दोन-चार दिवसांतच दत्तोपंत घरी येऊन कपाळाला हात लावून बसले. "माई, त्या पोराला जरा साडी नेसायला शिकवायला हवं. आणि चालायला. बाई म्हणून उभा केलाय, आणि शड्डू ठोकल्यासारखा पदर घेतो!"

माई, म्हणजे पद्मजाची आई, वाती वळत होत्या. "पद्मजाला न्या," त्या म्हणाल्या. "मी येईन सोबतीला."

तालमीच्या मागल्या अंगणात सडा घालून जागा केलेली असे. आखाड्यातल्या तांबड्या मातीचा, तेलाचा आणि ताकाचा वास त्या अंगणाला कायमचाच होता. त्यात कृष्णात आला, की गुळाचा उबदार गोड वास मिसळे. पद्मजाला वाटे, आपल्यालाच येतो का हा वास?

"खांदे पाडा," ती सांगायची. "पाऊल जवळ टाका. चालताय, की कुणाला पाडायला निघालाय?"

"आसं?"

"तसं नाही. असं..." ती दोन पावलं चालून दाखवी.

"आन् बाई रागावली, की कशी बगती?"

पद्मजानं मान किंचित तिरकी केली, भुवई उचलली आणि त्याच्याकडं एकच नजर टाकली.

कृष्णात हातातला पदर विसरला. मग घसा खाकरून म्हणाला, "ध्यानात न्हाय आलं. पुन्यांदा दावा."

"मुद्दाम म्हणताय तुम्ही."

"व्हय," तो सरळ म्हणाला.

पद्मजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं माईंकडं पाहिलं. माईंना भिंतीला टेकून डुलकी लागली होती.

असेच दिवस जात होते. थंडी वाढली, उसाच्या गाड्या गावात येऊ लागल्या. कृष्णात कधी वर्तमानपत्राच्या कपट्यात नव्या गुळाचा खडा आणून तिच्यापुढं धरी. "मास्तरीणबाईंची फी," म्हणे. ती म्हणे, "फी फार थोडी आहे." मग दुसऱ्या दिवशी खडा मोठा असे.

शेवटच्या अंकात जासूद येऊन नवरा पडल्याची खबर देतो, तो प्रवेश मात्र कृष्णातला काही केल्या जमत नव्हता. दुःख म्हटलं, की तो ओरडायचा. एका संध्याकाळी दत्तोपंत वैतागून म्हणाले, "अरे, तिचा नवरा गेलाय, म्हैस हरवली नाही!"

सगळं अंगण हसलं. कृष्णातही हसला. मग पद्मजाकडं वळला. "तुमी एकदा बोलून दावा की."

पद्मजा उठली. नाटक वडिलांनी घरी मोठ्यानं वाचत वाचतच लिहिलं होतं. शब्द न् शब्द तिच्या कानात होता. तिनं ओरडून काही म्हटलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत, जणू तिथं खरंच गडाचा दरवाजा आहे अशी, ती हळू बोलत गेली. "तुम्ही म्हणाला होता, सांजवेळेला येईन. सांज झाली. दिवा मी लावला..."

बाबालालची कात्री थांबली. अंबादासपंतांनी लावून बघायला घेतलेली दाढी हातातच राहिली. ती बोलायची थांबली, तरी कुणी हललं नाही.

कृष्णातनं तालमीपुरतं पदर म्हणून घेतलेलं उपरणं डोक्यावरून काढलं आणि घडी घालून तिच्या हातात दिलं.

"मास्तर, मी न्हाय करनार हा पार्ट. ह्या करतील."

"काहीतरीच!" दत्तोपंत गोंधळले. "पद्मजा? स्टेजवर?"

"पेठेनं मला दोन म्हयनं राणी राणी म्हनून चिडवलंय. मिशी दिली मी ह्या पार्टापायी," कृष्णात म्हणाला. "पर आत्ता ऐकलं न्हवं तुमी? ह्येच्यानंतर मी उभा ऱ्हायलो, तर लोक मला न्हाय, तुमच्या नाटकाला हसतील."

त्या रात्री घरात जेवणाची ताटं बराच वेळ तशीच राहिली. सांगलीचं एक स्थळ पद्मजाला सांगून आलं होतं. मुलगा बँकेत, घर खानदानी. पोरगी नाटकात उभी राहिली असं कळलं, तर ते दाराशी येणार नव्हते.

"लोक काय म्हणतील?" दत्तोपंतांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"अप्पा, तुम्ही बाई लिहिलीत ती गड लढवते," पद्मजा म्हणाली. "आणि घरातली बाई तालमीच्या अंगणात उभी राहायची म्हटली, की तुम्हाला घाम फुटतो."

"लिहिणं वेगळं गं..."

तेव्हा माई बोलल्या. माई फारशा बोलत नसत. "घर पेटलं तेव्हा तुमचं आतलं पुस्तकांचं कपाट हिनं एकटीनं ओढत परसात नेलं होतं. अठराची होती. हाताला फोड आले. तेव्हा नाही कुणी विचारलं, लोक काय म्हणतील. करू दे तिला."

दत्तोपंत ताटाकडं बघत राहिले. मग त्यांनी पहिला घास घेतला, आणि पद्मजाला कळलं, की झालं.

सांगलीकरांचा निरोप आठवडाभरात आला. मुलाला इतक्यात कर्तव्य नाही म्हणे.

कृष्णातला ही बातमी अंबादासपंतांकडून लागली. त्याला आता जासूदाचं काम मिळालं होतं. एकच प्रवेश, दोन वाक्यं. संध्याकाळी तो तालमीच्या विहिरीच्या कठड्याशी पद्मजाची वाट बघत उभा होता. मिशी पुन्हा फुटायला लागली होती आणि त्यामुळं तो फारच केविलवाणा दिसत होता.

"माझ्यामुळं तुमचं लगीन मोडलं."

"मोडलं खरं."

"मला लई वाईट वाटतंय."

"खरंच?"

त्यानं वर पाहिलं. खोटं बोलायला तो मोठा कच्चा होता. "...न्हाय. खरं सांगायचं, तर लई न्हाय वाटत."

"मलाही नाही," पद्मजा म्हणाली.

"का?"

"तुम्हाला का सांगू?" असं म्हणून ती आत गेली. पण आत जाताना तिनं भुवई उचलून त्याच्याकडं बघितलं. या खेपेला दुसऱ्यांदा दाखवायची वेळ आली नाही.

तालमीत मात्र तिला वेगळंच काही ऐकू आलं. बाबालाल कुणाला तरी सांगत होता, कृष्णातच्या आईनं मामाची पोर बघून ठेवलीय, मुरगूडला, पाडव्याला सुपारी फोडायची म्हणते. पद्मजाच्या हातातली सुई बोटात गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. तोही काही बोलेना. आपण कोण, ती कोण. गुळाच्या अडतीवरच्या पोरानं मास्तरांच्या घराकडं किती बघावं... त्याच्या गप्प राहण्यातून हे सगळं तिला ऐकू येई. तालमीत खबरीचा प्रवेश आला, की तो जमिनीकडं बघून वाक्य म्हणे.

"अरे, बाईसाहेबांकडं बघून सांग!" दत्तोपंत ओरडत.

"जमत न्हाय, मास्तर."

प्रयोग संक्रांतीच्या आदल्या रविवारी होता. बायकापोरांना घरी परतायला उशीर नको म्हणून दिवस कलतानाच पडदा वर गेला. अंगण, कट्टा, शेजारची घरं, चिंचेच्या फांद्या, जिथं म्हणून जागा होती तिथं माणूस होतं. पुढच्या रांगेत माई, आणि त्यांच्या पलीकडं कृष्णातची आई बयाबाई, मांडी ठोकून बसलेल्या.

पहिले दोन अंक झोकात झाले. पद्मजा पहिल्यांदा आली, तेव्हा कुठूनशी एक शिट्टी आली. वस्ताद नुसते उभे राहिले आणि पुन्हा शिट्टी आली नाही. बाबालालच्या 'हर हर महादेव'ला अख्खी पेठ ओरडली. अंबादासपंतांची दाढी एका बाजूनं सुटली, ती त्यांनी मिजाशीत कुरवाळत पुन्हा चिकटवली.

मग शेवटचा अंक. किल्लेदारीण सदरेवर उभी. दोन्ही बाजूंना मावळे, हातांत पलिते. तालमींत कधी पलिते पेटवले नव्हते. तेल वाया कशाला घालवा, म्हणून. आज पेटवले होते. भडकन् जाळ वर गेला, रॉकेलचा वास आला आणि वाऱ्याच्या झुळकेनं एक ज्वाळा पद्मजाच्या अंगाकडं वाकली.

आणि पद्मजा तालमीच्या अंगणात राहिलीच नाही. ती सोप्यात उभी होती. तसबिरींच्या काचा तडकत होत्या. दारात असेच पलिते होते, असाच वास, आणि पलित्यांच्या मागं ओळखीचे-बिनओळखीचे चेहरे...

कृष्णात धावत आला. गुडघ्यावर बसला. "बाईसाहेब, किल्लेदार पडले. गड आता आपल्या स्वाधीन!"

आता तिचं मोठं भाषण होतं. तिच्या ओठांतून शब्द येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं, काय काम करते पोरगी! विंगेत दत्तोपंत वहीवर बोट ठेवून कुजबुजत होते, "तुम्ही म्हणाला होता... पद्मजा, तुम्ही म्हणाला होता..."

कृष्णातनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट वर पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती पलित्याकडं बघत होती.

जासूद उठला. जासूदानं उठायचं नव्हतं. दोन पावलांत तो तिच्या आणि जाळाच्या मधे येऊन उभा राहिला. मावळ्याला म्हणाला, "ए, पलिता मागं घे. मागं घे म्हनतो न्हवं!" मग तिच्याकडं वळला, आणि इतक्या हळू बोलला, की एवढी गर्दी श्वास धरून बसली नसती तर पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसतं.

"रडू नगासा. मी हाय की."

कुणी हसलं नाही. चिंचेवरच्या पोरांनीसुद्धा नाही.

पद्मजानं त्याच्याकडं पाहिलं. रापलेला चेहरा, अर्धवट मिशी, कपाळावर घाम. जाळ आता त्याच्या पाठीमागं होता. तिच्या अंगावर फक्त त्याची सावली होती. तिनं एक मोठा श्वास घेतला. वडिलांनी लिहिलेलं भाषण काही केल्या आठवत नव्हतं. ते नको असंच तिला वाटलं.

"मग इथंच राहा," ती म्हणाली. आवाज आधी कापला, मग स्थिर झाला. "कुठं जाऊ नका. दरवाजे लावून घ्या. गड आपला आहे."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की झाडावरचे कावळे उठले. विंगेत दत्तोपंतांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णात दारात आला. पागोटं हातात, मान खाली. पद्मजा आतल्या दारामागं उभी राहिली.

"मास्तर, चूक झाली. नाटक मोडलं मी तुमचं."

"बैस." दत्तोपंत सुपारी कातरत होते. "पलिता मागं घ्यायचं तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाय. त्या पलित्याकडं बगत हुत्या. घाबरल्याल्या मानसाचं डोळं येगळं असत्यात."

दत्तोपंतांचा अडकित्ता थांबला. "मी तिचा बाप. मी समोर होतो, आणि मला भाषणाची काळजी." त्यांनी सुपारी बाजूला ठेवली. "तू जे म्हणालास, ते कुणाला म्हणालास? किल्लेदारणीला, की माझ्या मुलीला?"

कृष्णात कितीतरी वेळ पागोट्याच्या पेडाशी चाळा करत राहिला.

"किल्लेदारणीला कशाला म्हनू, मास्तर? ती कागदावरची हाय. तिला कुठं माझी गरज?"

"आणि मुरगूडची मामाची मुलगी?"

"आईला रातीच सांगितलं, न्हाय म्हनून. आई भांडली. आजून भांडती हाय."

"अप्पा," पद्मजा पुढं आली. काल हजार माणसांपुढं उभी राहिलेली ती, आज दोघांना काय भ्यायची! "माझ्याबद्दल बोलताय, तर मलाही विचारा."

"काय विचारू, बाळ?"

"विचारा, म्हणजे सांगते."

दत्तोपंतांनी तिच्याकडं पाहिलं, कृष्णातकडं पाहिलं आणि विचारायचं काही उरलं नाही हे त्यांना उमगलं. "मला जरा वेळ द्या," ते म्हणाले. "लगेच हो म्हणवत नाही मला. नाहीही म्हणवत नाही."

वेळ गेला तो गेलाच. शिवरात्र झाली, होळी झाली. नातेवाइकांनी समजावलं, काहींनी येणं-जाणं सोडलं. पद्मजा शाळेत जात राहिली. कृष्णात घराकडं फिरकला नाही. मास्तरांनी वेळ मागितलाय, म्हणाला, मधे जाऊन उभं ऱ्हायलं तर त्यो वेळ कसला?

मग एका सकाळी गणपतराव वस्ताद भांडून भांडून थकलेल्या बयाबाईंना घेऊन आले. या खेपेला ते उंबरा ओलांडून आत आले आणि जमिनीवरच बसले.

"मास्तर, त्या साली तुमच्या दाराशी उभं ऱ्हायाला पायजे हुतं, तवा मी तालमीचं दार लावून बसलो. आज पोरगी मागायला आलोय. कुठल्या तोंडानं आलोय, मलाच ठावं न्हाय. पर आलोय."

दत्तोपंत म्हणाले, "वस्ताद, पाटावर बसा. खाली नका बसू." आणि स्वतः उठून त्यांनी पाट मांडला.

बयाबाई मात्र पद्मजाला निरखत होत्या. "समदं खरं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पर बामनाची पोर भाकरी थापंल व्हय?"

"तुम्ही शिकवा," पद्मजा म्हणाली. "तुमच्या लेकाला मी नऊवारी नेसायला शिकवली. त्या मानानं भाकरी सोपीच असेल."

बयाबाईंनी क्षणभर डोळे बारीक केले. मग त्या अशा हसल्या, की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. "ही नांदती आमच्यात!" त्या वस्तादांना म्हणाल्या. "ही नांदती!"

"आमच्यातली निम्मी माणसं लग्नाला यायची नाहीत," दत्तोपंत म्हणाले.

"आमच्यातलीबी न्हाईत यायची," वस्ताद म्हणाले. "तेवढंच जेवन पुरंल."

दत्तोपंत हसले. आतल्या दाराशी उभ्या माईंकडं वळून म्हणाले, "सांगलीला दिली असती, तर वर्षातून दोनदा दिसली असती. इथं रोज दारावरून जाईल." आणि मग त्यांना चष्मा पुसावा लागला.

पाडव्याला साखरपुडा झाला. त्यानंतरच्या एका संध्याकाळी माईंनी दोघांना रंकाळ्यावर फिरून यायला पाठवलं. पहिल्यांदाच एकटे. तळ्यावरून गार वारा येत होता, पाण्यावर शेवटचं ऊन लोळत होतं आणि भेळवाल्याच्या गाडीभोवती पोरांचा गलका चालला होता. कृष्णात तिच्यापासून हातभर अंतर राखून चालत होता आणि मुकाट होता.

"काही बोलणार आहात का?" पद्मजानं विचारलं.

"बोललो की मागं. समद्या पेठेम्होरं."

"ते पेठेनं ऐकलं. मला एकटीला अजून कुठं काय सांगितलंय?"

तो थांबला. पाण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पुन्हा पाण्याकडं. मिशीच्या खाली ओठ दोनदा हलले.

"अडत सुटली, की समदी घरला पळत्यात," तो शेवटी म्हणाला. "मी तालमीची येळ हुईस्तवर मागं बसून ऱ्हायाचो. उगंच. पोती मोजायचो, पुन्यांदा मोजायचो. घरला जायाची घाई म्हंजी काय असती, ते मला कवा कळलंच न्हाई. आता..." त्यानं मान खाजवली. "आता मीबी पळीन. समद्यांच्या आदी."

पद्मजाला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. भुवई उचलून, नेहमीसारखं. पण तिनं नुसती मान हलवली. मधलं हातभर अंतर कधी संपलं, ते दोघांनाही कळलं नाही.

परतीच्या वाटेवर पेठेचं वळण दिसू लागलं, तशी तिनं पावलं हळू केली. त्यानंही केली.